सुतळीने बांधलेला मजकूर

गिरगावातल्या मनमोहन धैर्यवानांची थोरली मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन बसते, ही गोष्ट त्यांच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. आई विचारणाऱ्यांना सांगायची, "लेखन शिकते." काकू सांगायची, "टायपिंग शिकते." मनमोहनराव काहीच सांगत नसत. सॉलिसिटरच्या पेढीत आयुष्य गेलेला माणूस, नको त्या प्रश्नाला उत्तर न देण्याची कला त्यांना चांगली साधली होती. दिवेलागणीच्या आत घरी यायचं आणि कॉलेज उघडलं की हा नाद सोडायचा, एवढ्या दोन अटींवर त्यांनी सुनेत्राला परवानगी दिली होती.

साल सत्तावन्न. निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं, आणि तरीही मुंबईसह महाराष्ट्र काही पदरात पडला नव्हता. 'सांजदूत'च्या कचेरीत त्यामुळे दिवसभर भांडण असे. ते कुणाशी असे हे सांगणं कठीण, कारण सगळे एकाच बाजूचे होते; पण टेबलं आपटली जात, चहा सांडे, आणि त्या गदारोळात वृत्तसंपादक अप्पा टेलिप्रिंटरवरचा इंग्रजी कागद टराटरा फाडून ज्याच्या त्याच्या पुढ्यात टाकीत. "आधी भाषांतर करा, मग महाराष्ट्र घ्या," असं म्हणून ते तपकिरीची चिमूट नाकाशी नेत.

सुनेत्रा उमेदवार होती. उमेदवार म्हणजे पगार नाही, खुर्ची आहे, आणि तीही कुणी पाहुणा आला की द्यायची. तिच्या वाट्याला बाजारभाव, 'आजचे कार्यक्रम', हरवले-सापडले आणि लग्नं आली होती. वैशाखात लग्नांच्या चिठ्ठ्यांचा ढीग पडे. एवढी लग्नं रोज नव्याने कोण जुळवीत बसणार, म्हणून खालच्या छापखान्यातल्या फोरमन गणपतने त्यावर फार पूर्वीच तोड काढून ठेवली होती. शिशाचे खिळे जुळवून तयार केलेला एक मजकूर त्याच्याकडे सुतळीने बांधून ठेवलेला असे, एक नव्हे, दहा गड्ड्या. 'येथील चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह वैदिक पद्धतीने, आप्तेष्ट व मित्रमंडळींच्या उपस्थितीत थाटात पार पडला.' सुनेत्राने चिठ्ठीवर वर 'शुभविवाह' लिहून खाली एक रेघ मारायची. ते शीर्षक दिसलं की गणपतची माणसं फक्त नावं उचलीत, सुतळी सोडीत, नावं बसवीत आणि पुन्हा बांधीत. पुढचं कुणी वाचत नसे. महिनाभरात सुनेत्राने अशी दीडदोनशे लग्नं लावली होती.

अप्पांनी पहिल्याच दिवशी तिला एक आशा दाखवली होती. स्वतःच्या पायाने जाऊन आणलेली एक बातमी आण, बरी असली तर खाली तुझी अक्षरं घालीन. 'सु. ध.' ही दोन अक्षरं छापलेली कशी दिसतील ते सुनेत्राने वहीच्या शेवटच्या पानावर बऱ्याचदा लिहून पाहिलं होतं.

एके सकाळी मीराबाई गमरे कचेरीत आल्या. नायगावच्या बीडीडी चाळीतून चालत आलेल्या, पदराने कपाळ टिपत दारातच उभ्या राहिल्या. सुनेत्राने खुर्ची दिली तर काठावर टेकल्या. त्यांच्या मुलाचं, जगदीशचं लग्न वैशाखी पौर्णिमेला होतं, आणि ते पेपरात यायला हवं होतं. सुनेत्राने सवयीने चिठ्ठी पुढे ओढली तशा मीराबाई म्हणाल्या, "ताई, जरा ऐकून घे. आमचं लग्न नव्या पद्धतीनं हाय. बामन नाय, हळद नाय, मुहूर्त नाय. बुद्धाच्या म्होरं वंदना म्हनायची नि हार घालायचे."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. नवरा, शामराव, परळच्या इस्पितळात होते. गिरणीत कापडाचा गठ्ठा पायावर पडून मांडीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून पाय वर टांगलेला. दीड महिना तरी हलायचं नव्हतं. लग्न पुढे ढकलू या, असं सगळे म्हणाले तर त्यांनीच ऐकलं नाही. बाबासाहेब जाऊन अजून सहा महिने व्हायचे होते. त्यांनी दिलेल्या धर्मातली ही पहिली बुद्धपौर्णिमा. लग्न त्याच दिवशी झालं पाहिजे, मी नसलो तरी चालेल. मात्र पेपरात द्या, मी वाचीन.

शामराव पस्तिसाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले होते. तेव्हापासून 'सांजदूत' वरच्या नावापासून खाली छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. माणूस तोंडाने काहीही बोलेल, पण शिशात पाडलेलं अक्षर खोटं कशाला बोलेल, असं त्यांचं साधं मत होतं. चाळीत भांडण झालं तरी ते म्हणायचे, छापून आलंय का कुठं?

सुनेत्राच्या मनात आलं, ही माझी बातमी. तिने विचारलं, मी लग्नाला आले तर चालेल का? मीराबाईंनी तिच्याकडे, तिच्या इस्त्रीच्या पातळाकडे, हातातल्या घड्याळाकडे एकदा नीट पाहिलं.

"तू येशील? नायगावात?"

"येईन."

"मग ये. पण जेवूनच जायचं हां."

सोमवारी सकाळी सुनेत्रा गेली. दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत गिरणीच्या कोऱ्या कापडाचा मांडव होता. टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्त्या. नवरी बकुळा पांढऱ्या साडीत होती आणि तिला पांढऱ्यात बघून दोनतीन म्हाताऱ्यांना काही केल्या बरं वाटत नव्हतं. पद्धत सगळ्यांनाच नवी होती. वंदना म्हणताना अर्धे लोक बसले, अर्धे उभे राहिले, मग बसलेले उठले आणि उभे असलेले बसले. हार घातले गेले तेव्हा क्षणभर सगळं शांत. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग जगदीशच हसला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. सवयीने मुठीत अक्षता घेऊन आलेली एक आजी त्या कुठे टाकायच्या म्हणून इकडेतिकडे बघत राहिली. तिच्या मांडीवरच्या तान्ह्याने तिची मूठ उघडली आणि एकेक दाणा उचलून गंभीरपणे तोंडात घालायला सुरुवात केली. आजीने बोट घालून ते काढले, आणि मग तिलाही हसू फुटलं.

सुनेत्राने हे सगळं टिपून घेतलं. पंगतीला बसली, बुंदीचे दोन लाडू खाल्ले. संध्याकाळी घरी गेल्यावर लग्नाला गेल्याचं तिने सांगितलं, जेवल्याचं नाही सांगितलं. ते न सांगणं तिला रात्री अंथरुणात जरा टोचलं. पण बातमी डोक्यात घोळत होती, त्यात ते विसरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच कचेरीत येऊन तिने तीस ओळी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या. अप्पा अजून यायचे होते आणि छापखान्यातून मजकुराची घाई सुरू झाली होती. तिने कागद सारखे केले, आणि महिनाभर हात जे करीत होता तेच त्याने केलं: वर 'शुभविवाह' लिहिलं, खाली एक रेघ मारली, आणि कागद खाली पाठवले.

दुपारी ओल्या शाईचा अंक हातात आला. तिने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी, एका भाट्यांच्या आणि एका कर्णिकांच्या लग्नाच्या मध्ये, तीन ओळी होत्या. 'येथील चि. जगदीश शामराव गमरे व चि. सौ. कां. बकुळा यांचा शुभविवाह वैदिक पद्धतीने...' पुढचं तिला पाठ होतं.

ती जिना उतरून छापखान्यात गेली. गणपतने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, तिचा कागद भिंतीतल्या खिळ्यावरून काढला आणि वरच्या शब्दावर काळं बोट ठेवलं. त्याने रोजचं केलं होतं. तिनेही.

बुधवारी जगदीश आला. तो पोस्टात सॉर्टर होता, हळू बोलणारा मुलगा. अंक चौघडी करून खिशात ठेवला होता, तो त्याने टेबलावर उलगडला नाही, नुसता ठेवला. शामरावांनी मंगळवारी संध्याकाळी खाटेवर पडल्यापडल्या ते वाचलं होतं. दोनदा वाचलं, शेजारच्या रोग्याला दाखवून खात्री करून घेतली, आणि जगदीश नि बकुळा पाया पडायला म्हणून गेले तेव्हा तोंड भिंतीकडे केलं. आईने शपथ घेतली, चाळीतल्या लोकांनी जाऊन सांगितलं. त्यांचं एकच: मी खाटेला खिळलो म्हणून तुम्ही मागनं भटजी आणलात. सुनेला घेऊन पुन्हा येऊ नका म्हणाले.

"आम्ही सांगतो ते सगळं तोंडाचं आहे ना, ताई," जगदीश म्हणाला. "आणि हे छापलेलं."

तो रागावला असता तर सुनेत्राला बरं वाटलं असतं. तो नुसता उन्हातून आल्यासारखा दमलेला दिसत होता.

ती तडक अप्पांकडे गेली. दुरुस्ती छापा म्हणाली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. लग्नाची दुरुस्ती 'सांजदूत' छापत नसे. एकदा छापली होती, वराचं नाव चुकलं म्हणून; लोकांनी अर्थ काढला की लग्न मोडलं, आणि मुलीचा बाप महिनाभर कचेरीच्या पायऱ्या झिजवीत होता. शिवाय एक छापली की वैशाखातल्या प्रत्येक मामाचं आणि आत्याचं नाव दुरुस्त करीत बसावं लागेल. "आणि बातमी परवाची झाली, पोरी. वाचकाला काल काय झालं ते लागतं. काल काही झालंय का?"

काल काही झालं नव्हतं. सुनेत्रा जिन्यात येऊन उभी राहिली. तिथे तिला गणपतने गाठलं. त्यालाही ते लागलं असावं. त्याने आपली युक्ती सांगितली. तुमच्या तीस ओळी मी स्वतः जुळवतो, वर पेपरचं नाव बसवतो, बाजूला चार जुन्या बातम्या लावतो आणि हाताने चालवायच्या दाबावर एकच प्रत काढतो. म्हाताऱ्याला काय कळतंय? डोळे भरून वाचेल, सुनेला जवळ घेईल, आणि तुम्हीही मोकळ्या.

हे खोटं आहे हे सुनेत्राला समजत होतं. पण भिंतीकडे तोंड केलेला माणूसही दिसत होता. शिवाय त्या तीस ओळींतलं अक्षर न् अक्षर खरं होतं, मग ते एका प्रतीत छापलं काय आणि वीस हजार प्रतींत छापलं काय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. गणपत दुपारची पाळी संपल्यावर थांबला. त्याने इतकं झकास पान बांधलं की दोघं त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

गुरुवारी भेटीच्या वेळेला ती मीराबाईंबरोबर वॉर्डात गेली. शामराव कृश, पांढऱ्या मिशांचे, पाय कप्पीला टांगलेला. ही पेपरातली ताई, असं मीराबाईंनी सांगितल्यावर त्यांनी हात जोडले. सुनेत्राने पान पुढे केलं. पहिल्यांदा चुकून तसं छापलं गेलं, आता बरोबर छापलंय, असं काहीसं ती भरभर बोलली.

शामरावांनी ओळींखालून बोट नेत वाचायला सुरुवात केली. कोऱ्या कापडाचा मांडव आला. मेणबत्त्या आल्या. उठणारे-बसणारे लोक आले तेव्हा मिशी जराशी हलली. आजीच्या मुठीपाशी ते थांबले आणि ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मीराबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

पण शामराव पेपर पत्त्यापर्यंत वाचणारे. त्यांनी पान उलटलं.

मागची बाजू कोरी होती.

छपाई तपासायचं प्रूफ एकाच बाजूला काढतात. गणपतने आयुष्यभर तशीच काढली होती आणि सुनेत्राने महिनाभर तशीच पाहिली होती. कागदाला दुसरी बाजू असते हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. शामरावांनी ती कोरी बाजू उजेडाकडे धरली, बोटाने चोळून पाहिली, आणि कागद पोटावर ठेवला.

"हे मला एकट्याला छापलंस?"

सुनेत्राने मान खाली घातली. मग तिने सगळं सांगितलं. बांधून ठेवलेला मजकूर, वरचा शब्द, खालची रेघ, स्वतःचा हात, गणपतची प्रत, सगळं. आजूबाजूच्या चार खाटा ऐकत होत्या.

शामरावांनी टांगलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी रागावलो व्हतो ते पोरावर. त्यानं फसवलं म्हनून. आता तू आलीस नि तूबी फसवलंस. आता मी खरं कुठलं धरू? ते का हे?"

"लग्न या कागदावर आहे तसंच झालं, काका. मी होते तिथे. मी जेवलेसुद्धा."

हे शेवटचं आपण का बोललो ते तिलाही कळलं नाही. पण शामरावांनी पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"दोन लाडू खाल्ले."

"मग ऐक. ते वैदिक का काय, ते नायगावात माळ्यामाळ्यावर वाचलं लोकांनी. डिलाईल रोडला वाचलं, वरळीला वाचलं. म्हनतील, शामराव गमऱ्यानं नागपुरात दीक्षा घेतली नि घरात भटजी घातला. माझ्या एकट्याच्या खाटेवर खरं छापून काय करू मी? छापायचं तर सगळ्यांना छाप. नायतर हे घेऊन जा."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

शुक्रवारी सकाळी सुनेत्रा अप्पांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, काल काय झालं ते मला ठाऊक आहे. तिने चार कागद पुढे ठेवले. यावेळी वर काहीच लिहिलं नव्हतं. पहिलं वाक्य असं होतं: 'काल परळच्या इस्पितळात एका वाचकाने आमचा कागद उलटून पाहिला आणि आमची लबाडी पकडली.'

अप्पा वाचू लागले. गणपतच्या प्रतीपाशी ते खो खो हसले आणि त्यांनी खाली हाक मारली, "गणपत, तुझी नोकरी गेली रे." पुढे मात्र ते हसायचे थांबले. शामरावांचं बोलणं तिने जसंच्या तसं लिहिलं होतं, लग्नाचं वर्णनही आत होतं, आणि 'वैदिक' हा शब्द प्रस्तुत बातमीदाराच्या हलगर्जीमुळे पडला हेही होतं. त्यांनी पेन्सिल उचलली, दोन विशेषणं खोडली, तपकीर ओढली.

"हे छापलं तर आपण लबाडी केली असं आपणच सांगितलं असं होईल. मालक मला विचारतील."

"झालंच आहे तसं, अप्पा."

"सभांच्या बातम्यांत एवढी जागा कुठून काढू? इथे लोक महाराष्ट्रासाठी घसा फोडतायत."

"नायगावातली माणसंही त्यातच आहेत ना. मोर्चात असतात."

अप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरचं भांडण ऐन रंगात होतं, तेही थांबलं होतं. "आणि अक्षरं?" त्यांनी विचारलं. "पहिलीच बातमी तुझी. चुकीच्या कबुलीखाली नाव लागलं तर पुढे चिकटून राहतं बघ. बिननावाची टाकू?"

वहीच्या शेवटच्या पानावरची ती दोन अक्षरं सुनेत्राच्या डोळ्यांपुढून गेली. तिने मान हलवली. घाला म्हणाली.

बातमी दुसऱ्या पानावर, मधोमध आली. गणपतने ती स्वतः जुळवली. संध्याकाळी मनमोहनरावांनी ती आरामखुर्चीत बसून वाचली. लाडवांपाशी ते थांबले असावेत, कारण बऱ्याच वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, "बुंदीचे की रव्याचे?" बुंदीचे, सुनेत्रा म्हणाली. आतून काकूच्या हातातलं भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. मनमोहनरावांनी नको त्या प्रश्नाला देत नसत तसंच त्या आवाजालाही उत्तर दिलं नाही, आणि पान उलटलं.

शनिवारी ती वॉर्डात पोचली तेव्हा अंक खाटेखाटेवरून फिरून चुरगळला होता. शेजारच्या रोग्याने तिला ओळखलं आणि खाटेच्या कडेवर कोपर आपटून शामरावांना खूण केली. खाटेच्या पायथ्याशी जगदीश आणि बकुळा उभी होती, अजून आज्ञा न मिळाल्यासारखी. शामरावांच्या बोटाखाली बातमीची शेवटची ओळ होती. किती वेळा वाचून झाली होती कोण जाणे.

"सु. ध.," ते म्हणाले. "म्हंजे तू?"

"हो."

"सगळ्यांना दिलंस?"

"वीस हजार प्रती."

त्यांनी मान डोलावली. मिशीवरून हात फिरवला. मग त्यांचं लक्ष सुनेकडे गेलं आणि जणू ती आत्ताच आली असावी तसे ते म्हणाले, "उभी का तू? बस की. त्या स्टुलावर बस."

बकुळा बसली. जगदीशने भिंतीला पाठ टेकली. मीराबाई डब्याचं झाकण उघडायच्या निमित्ताने पाठमोऱ्या झाल्या होत्या.

"किती शिकलीस?" शामरावांनी सुनेला विचारलं.

"सातवी पास."

"मग माझ्यापेक्षा चांगलं वाचत असशील. डोळं दुखतात माझे झोपून झोपून." त्यांनी अंक तिच्या हातात दिला. "पहिल्या पानापासून सुरू कर. सभेचं वाच, परवा शिवाजी पार्कला काय झालं ते."

बकुळाने पदर सावरला, अंक सरळ केला आणि घाईघाईने वाचायला सुरुवात केली. शब्द एकमेकांवर पडत होते. दोनच ओळी झाल्या असतील, शामरावांनी हात वर केला.

"दमानं वाच गो. कुठं पळून जातंय? आनि जरा मोठ्यानं. त्या कोपऱ्यातल्या बाबाला ऐकू गेलं पायजे."